काचेवरचे ठिपके

आमच्या ऑफिसात त्या दिवसांत दोन पक्ष पडले होते. एक 'आत्ताच' पक्ष आणि दुसरा 'थांबा' पक्ष. निवडणूक कसलीच नव्हती. टॅबची नवी सिस्टिम येणार होती, एवढंच. पण ती येणार, येणार म्हणून जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्याकडे पगारवाढीवरही कधी झाली नसेल.

कंपनी मालवाहतुकीची. प्रत्येक ट्रक ड्रायव्हरकडे एक टॅब असतो. माल कुठून उचलायचा, कुठे उतरवायचा, सही कोणाची घ्यायची, सगळं त्यावर. ते सगळे टॅब सांभाळणं हे माझं काम. शिवाय जिन्याखालच्या खोलीत एक म्हातारा सर्व्हर आहे. तो तापू नये म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावून ठेवणं, हेही माझंच काम. मोठ्या साहेबांना तो भंगारात काढून सगळं क्लाउडवर न्यायचं होतं. नवी सिस्टिम आली की पाठोपाठ क्लाउडही येणार, असं ते दर सोमवारी सांगत.

"ताई, हे क्लाउड म्हणजे नेमकं काय हो?" गोदामाच्या मुकादमाने मला एकदा विचारलं.

"आपलं सामान दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवायचं."

"आणि त्याने माळ्याला कुलूप लावलं तर?"

"तर खाली उभं राहून हाका मारायच्या."

मुकादम त्या दिवसापासून 'थांबा' पक्षात आला.

साहेबांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "नव्या व्हर्जनमध्ये ते असणार आहे." बॅटरी लवकर उतरते? नव्या व्हर्जनमध्ये नाही उतरणार. नकाशा ड्रायव्हरला थेट नाल्याच्या काठावर नेऊन सोडतो? नव्या व्हर्जनमध्ये नाही सोडणार. पुढे पुढे कॉफीचं मशीन बंद पडलं तरी लोक म्हणायला लागले, थांबा, नव्या व्हर्जनमध्ये येईल. हिशेब बघणाऱ्या बाई जेवणाच्या सुट्टीत त्या सिस्टिमचे व्हिडिओ बघायच्या आणि घास हातात तसाच धरून सांगायच्या की आता म्हणे बटणं गोल होणार. बटणं गोल झाल्याने कोणाचं काय भलं होणार होतं, देव जाणे.

मी 'थांबा' पक्षाची. जुन्यावर माझं प्रेम आहे म्हणून नव्हे. या कामात एवढी वर्षं काढल्यावर नव्यावर प्रेम उरत नाही आणि जुन्यावरही उरत नाही. घोडं मरतं ओझ्याने आणि शिंगरू मरतं हेलपाट्याने म्हणतात. माझ्या वाट्याला ओझंही होतं आणि हेलपाटेही. अपडेट झालं की दिवसभर फोन. ताई, सही उमटत नाही. ताई, माझं बटण कुठे गेलं? ताई, हा काहीतरी विचारतोय, हो म्हणू का? म्हणून मी एक नियम करून टाकला होता. अपडेटच्या दिवशी माझा मोबाइल आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये. ज्याला बोलायचंय त्याने ऑफिसच्या फोनवर यावं, एकेकाने, रांगेत. हा नियम सगळ्यांना माहीत होता, आईलासुद्धा. अपडेट असलं की आदल्या संध्याकाळी मी तिला सांगायची, "उद्या मला फोन करू नकोस गं. लागलंच काही तर शिवणबाईंना कर."

टॅब सांभाळायचे म्हणजे काही ट्रकमागे पळावं लागत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर एक यादी उघडते. कोणता टॅब कुठे आहे, कोणाची बॅटरी किती, कोणी आवाज बंद करून ठेवलाय, सगळं दिसतं. एक बटण दाबलं की शंभर मैलांवरचा टॅब मुकाट्याने ऐकतो. मुकादमाने त्या यादीचं नाव 'उंट' ठेवलं होतं. "बसा, बसा उंटावर आणि हाका शेळ्या," तो जाता जाता म्हणायचा. त्याचं काही चूक नव्हतं.

त्या यादीत सगळ्यात शेवटची शेळी म्हणजे 'आई'.

आईच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणूस पुढ्यात उभा राहिला की चेहऱ्याच्या जागी डाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान. "मी तुला कानांवरून ओळखते," ती म्हणते, "आणि तुझ्या भावाला तर लांबूनच ओळखते, त्याचे कान वडिलांवर गेलेत." वडील गेल्यापासून ती तिच्या दोन खोल्यांत एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून आठवड्यातून दोनदा जायची. भाऊ दुसऱ्याच शहरात.

ऑफिसने जुने टॅब मोडीत काढले तेव्हा साहेबांना विचारून मी त्यातला एक आईला आणला. पण काच सपाट. बोटाला काय कळणार? मग माझ्याकडे कधीतरी हौसेने घेतलेली आणि वाळत चाललेली नेलपॉलिशची बाटली होती, तिचे पाच ठिपके मी काचेवर घातले. एकावर एक थर देऊन, बोटाला लागतील असे. वरचा माझा. त्याच्या खालचा भावाचा. मधला खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा, ज्यांना आम्ही सगळे शिवणबाई म्हणतो. मग डॉक्टरांचा. आणि तळाचा तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा, जिला ती फोन करून मुख्यतः स्वतःच्या मुलांची गाऱ्हाणी सांगायची. ठिपक्याखाली बरोबर ते ते बटण येईल असं मी स्क्रीनवर बसवून दिलं. आईने एका दुपारीत पाठ केलं. टॅब ओट्याच्या कडेला, तिच्या उजव्या हाताशी, एका स्टँडवर उभा केला.

तो टॅब मी त्या 'उंट' यादीतून काढलाच नाही. यादीत 'आई' असं नाव घालून ठेवून दिला. कामाच्या मधे नजर टाकली की कळायचं, चार्जिंग आहे, टॅब चालू आहे. तिच्या हातून आवाज कमी झाला तर मी ऑफिसातूनच वाढवायची.

"आपोआप वाढला गं आवाज," ती सांगायची.

"मी वाढवला, इथून."

"तिथून काय वाढवतेस? इथे ये आणि वाढव. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागलीय तुला." मुकादमाला ती कधी भेटली नव्हती, तरी दोघांचं म्हणणं एकच.

रोज सकाळी मी बसमध्ये असताना तिचा फोन यायचा. मी गर्दीत पिशवी सावरत, एका हाताने दांडा धरत फोन कानाला लावायची. "काय गं आई?"

"काही नाही. लागतो का ते बघत होते." आणि ठेवून द्यायची.

रोज! कित्येकदा मला वैताग यायचा. पण तो फोन यायलाच हवा होता, कारण सगळं त्यावरच ठरलेलं होतं. डोळे बिघडले तेव्हा भाऊ म्हणाला होता, आईला मी घेऊन जातो. मी म्हणाले, ती तिच्या घरात राहील. दोघांत एवढी जुंपली की आईने शेवटी ओट्यावर वाटी आपटली. मग भावानेच अट घातली: जोवर आई स्वतःहून, कोणाच्या मदतीशिवाय फोन लावू शकते, तोवर ती या घरात. ज्या दिवशी लावता येणार नाही, त्या दिवशी सामान बांधायचं. आईने मान हलवली. मीही हलवली. म्हणजे ते पाच ठिपके जागेवर होते तोवर आईचं घर तिचं होतं.

आता त्यात ही नवी सिस्टिम.

माझ्या भावाला घरात प्रोफेसर म्हणतात. त्याने आयुष्यात एकही वर्ग घेतलेला नाही, पण लहानपणापासून समोर येईल त्याला समजावून सांगायची खोड. तो क्लाउड विकणाऱ्या कंपनीत आहे. म्हणजे मुकादमाला ज्या माळ्याची धास्ती, तो माळा भाड्याने देणारा माझा सख्खा भाऊ. महिन्यातून एका रविवारी तो यायचा आणि त्या हंगामात आल्या आल्या त्याचा विषय ठरलेला असायचा.

"ताई, नव्या व्हर्जनमध्ये टॅब ऐकतो. नुसतं म्हणायचं, अमक्याला फोन लाव. लावतो."

"तुझ्याकडेही नव्या व्हर्जनमध्येच का? आमच्या साहेबांचा जुळा भाऊ शोभतोस."

"चेष्टा नको. आईला ठिपके चाचपत बसायला लागणार नाही."

"ती चाचपत नाही, तिला पाठ आहे. नव्या सिस्टिममध्ये सगळी बटणं एक ओळ खाली सरकतात, मी ऑफिसात बघितलंय. ठिपका डॉक्टरांचा आणि फोन शिवणबाईंना. मग?"

"मग ठिपके नकोतच ना! तेच तर म्हणतोय."

"आणि त्याने ऐकलं नाही तर? तिला खोकला झाला तर? नेट गेलं तर?"

"नेट गेलं तर तुझे ठिपकेही बंदच आहेत, ताई."

त्याचं हे बरोबर होतं. म्हणून मला जास्त राग आला.

आई आमच्याकडे पाठ करून चहा ओतत होती. कप भरत आला की ती कानाने ओळखते. "तुम्ही दोघं भांडा," ती म्हणाली, "पण त्या नव्या येणाऱ्याला माझं बोलणं कळेल का रे, बाळ?"

"कळेल की, आई."

"मग बघू तरी एकदा."

"काही बघायचं नाही," मी म्हणाले. "चालू आहे ते चालू दे."

आईने माझा कप माझ्यापुढे ठेवला, थेंबही न सांडता. मी त्या रात्री घरी जाताना स्वतःवर खूश होते, की बाई, तू आज आईचं घर वाचवलंस.

ऑफिसात 'आत्ताच' आणि 'थांबा' यांचं शेवटी असं ठरलं की महिनाअखेरीपर्यंत थांबायचं, इतर कंपन्यांचं काय होतं ते बघायचं आणि मग करायचं. मी ड्रायव्हरांसाठी सूचना लिहायला घेतल्या होत्या. आणि एका सकाळी मी बसमधून उतरते तोच साहेब दारात उभे. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मिळालं होतं आणि त्यांची अट होती, सगळे टॅब नव्या सिस्टिमवर हवेत.

"कधीपर्यंत?"

"आजच करा."

"साहेब, ट्रक रस्त्यावर आहेत."

"तुम्ही तर इथूनच करता ना?" ते म्हणाले. दगडावर डोकं आपटायची ताकद माझ्यात उरली नव्हती. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि मी तो सगळा रविवारी प्रोफेसरवर खर्च केला होता.

मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. यादी उघडली. ट्रकांचे टॅब एकेक निवडत बसायचं की वरच्या कोपऱ्यातलं 'सर्व' दाबायचं? दर महिन्याला किरकोळ दुरुस्त्या मी 'सर्व' दाबूनच पाठवते. हात तिथेच गेला. दाबलं. एकेका नावापुढे छोटं चक्र फिरायला लागलं आणि मी सूचनांचा कागद पुढे ओढला.

बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा निम्म्या यादीवर हिरव्या खुणा आल्या होत्या. मी खाली खाली सरकत गेले. अगदी तळाशी 'आई'. तिच्यापुढेही हिरवी खूण.

मागे घ्यायची सोय नव्हती. नवी सिस्टिम एकदा आत शिरली की शिरली. मी महिनाभर ज्याच्याविरुद्ध भांडले, ते माझ्याच बोटाने करून मोकळी झाले होते. आईला आदल्या दिवशी सांगितलंही नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आता ती माझा ठिपका दाबेल आणि भलतंच काही उघडेल. तिला एकही फोन धड लावता येणार नाही. आणि ते प्रोफेसरला कळलं की अट मोडली.

लगेच निघायला हवं होतं. पण ऑफिसचा फोन वाजायला लागला होता. एक ठेवला की दुसरा. एक ड्रायव्हर गोदामाच्या फाटकात अडकला होता, त्याचा टॅब पासवर्ड मागत होता आणि त्याच्या मागे चार ट्रक हॉर्न वाजवत होते. मोबाइल मी ड्रॉवरमधून काढला नाही. ते मला आजही स्पष्ट आठवतं, कारण मी त्यावर विचार केला होता. मला वाटलं, काढून करायचंय काय? आईचा फोन तर लागूच शकत नाही.

दुपार कलल्यावर मुकादमाने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "ताई, तुमचं तोंड उतरलंय. काय झालं?" मी सांगितलं. तो यादीकडे बघत राहिला, नेहमीची चेष्टाही केली नाही. "जा तुम्ही," म्हणाला, "यांना शिव्या द्यायला मी आहे." हिशेबाच्या बाईंनी पर्समधून नेलपॉलिश पुसायची बाटली काढून दिली. माझी पॉलिशची बाटली माझ्या पिशवीत असतेच. मी मनाशी सगळं योजलं. जुने ठिपके पुसायचे, नवे घालायचे, आईला पुन्हा पाठ करायला लावायचं. एक संध्याकाळ पुरेल. प्रोफेसरला कशाला कळायला हवं?

बसमध्ये बसल्यावर मी मोबाइल बघितला. आई. आई. आई. आई. मग भाऊ. मग पुन्हा भाऊ.

आधी मला काही उमगलंच नाही. आईचे फोन आले कसे? मी लावला तर तिचा टॅब कोणाशी तरी बोलण्यात गुंतलेला होता. भावाचाही तसाच. दुसऱ्या बसची वाट न बघता मी उरलेलं अंतर रिक्षाने गेले आणि तीन मजले एका दमात चढले. माझ्या वयाला ते शोभत नाही, आणि गुडघ्यांनी तसं सांगितलंही.

दार उघडं होतं. शिवणबाई गळ्यात टेप तशीच लटकवून, स्वयंपाकघराच्या फरशीवर झाडू मारत होत्या. सुपलीत साखर होती आणि साखरेत काचा चमकत होत्या. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसली होती. एका टाचेला कापड बांधलेलं. मांडीवर टॅब आणि त्यातून माझ्या भावाचा आवाज.

"आली वाटतं," आई म्हणाली. माझ्या धापेवरून तिने मला ओळखलं असावं.

"आई, अगं ते अपडेट माझ्याकडून चुकून गेलं, तुझी बटणं हलली, मी आत्ता ठिपके..." मी पिशवीत हात घालून बाटल्या शोधायला लागले.

"कसले ठिपके? खाली बस आधी."

मग तिने सांगितलं. साखरेची बरणी कोपराने पडली. काचेची. ती अनवाणी. फरशीवर काच कुठे आणि साखर कुठे, डोळ्यांना दिसत नाही, आणि पायाला दोन्ही सारखंच टोचतं. एक पाऊल टाकलं तर टाचेत गेली. म्हणून ती होती तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. टॅब हाताशी होता. तिने माझा ठिपका दाबला.

"आणि कोणी बाई बोलली. म्हणाली, काय मदत करू? मी म्हटलं, आता हिला काय सांगावं! म्हटलं, माझ्या मुलीला फोन लाव. तर लावला की गं तिने."

"लावला?"

"लावला म्हणजे! घंटी वाजत होती. तू उचलला नाहीस. मी परत सांगितलं, परत लावला. ती बाई काही कंटाळली नाही. मीच कंटाळले. मग म्हटलं, मुलाला लाव."

भाऊ एका मीटिंगमध्ये होता. गिऱ्हाइकांना माळे दाखवत असेल. तो पहिल्या घंटीला उठून जिन्यात आला. शिवणबाई कपडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. त्याने त्याच्या ऑफिसातल्या दुसऱ्या फोनवरून त्यांना बोलावलं. त्या येईपर्यंत आईला हलू न देता तो जिन्यात बसून तिच्याशी गप्पा मारत राहिला. काय बोललात इतका वेळ, असं मी नंतर विचारलं तर आई म्हणाली, "तो मला क्लाउड समजावत होता. पाय दुखत होते म्हणून मी ऐकून घेतलं."

शिवणबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. कोणाचा, तेच कळेना. साहेबांचा, त्या न कंटाळणाऱ्या बाईचा, भावाचा, की त्या ड्रॉवरचा.

"ताई," टॅबमधून भाऊ म्हणाला, "मी काही म्हणत नाहीये."

"म्हण ना! म्हण की तुझं बरोबर होतं."

"नाही म्हणायचं मला." त्याचाही आवाज थकलेला होता. प्रोफेसर समजावून सांगायला काही नसल्यासारखा गप्प झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मग मी तेच केलं जे मला येतं. नियमावर बोट ठेवलं. "हे बघ, अट काय होती? आईने स्वतःहून, कोणाच्या मदतीशिवाय फोन लावायचा. तिने लावला. ठिपक्यांशिवाय लावला. उलट आता तर जास्तच सोपं झालंय. म्हणजे ती इथेच राहणार."

"हो," भाऊ म्हणाला. "अटीप्रमाणे बरोबर आहे."

आई बोटाने काचेवरचा वरचा ठिपका चाचपत होती. माझा. तो आता कशाच्याच कामाचा नव्हता.

"अटच चुकली होती रे आपली," ती म्हणाली. "लावायचं कोणी ते आपण ठरवलं. उचलायचं कोणी ते ठरवलंच नाही."

शिवणबाई सुपली घेऊन बाहेर गेल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"रागावून नाही म्हणत गं," आई म्हणाली. "तुझं काम असतं, मला कळतं. तू पाय ओढत येतेस, दोन बस करून, आल्यावर तुझ्या तोंडाला कोरड असते. मी थकले आणि तूही थकलीस. मी बाळकडे जाते. त्याच्या घरात माणसं आहेत. बरणी फुटली तर हाक मारली की येईल कोणीतरी."

"तिथे तुला एक कोपरा ओळखीचा नाही."

"इथे तरी कुठे सगळं दिसतं? करीन पाठ."

मी भांडायला हवं होतं. महिनाभर भांडले होते त्याहून जास्त. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं, आणि मग ते वाटल्याचंच रडू आलं. आईने हात पुढे केला, माझा कान शोधला आणि लहानपणी ओढायची तसा हलकेच ओढला.

पुढच्या रविवारी प्रोफेसर गाडी घेऊन आला. सामान फार नव्हतंच. मी टॅब पुसायला घेतला, पॉलिश काढायची बाटली उघडली, तर वासावरून तिला कळलं. "ते राहू देत," ती म्हणाली. "कामाचे नसले तरी असू देत. काच अगदी गुळगुळीत लागली तर परकी वाटेल." मी पुसले नाहीत.

आता ती तिकडे आहे. तिथल्या खोल्या तिने पाठ केल्या, सुनेच्या पायांचे आवाज पाठ केले, आणि तिची तक्रार एकच आहे की तिथे कोणी तिला चहा करू देत नाही. आमच्या ऑफिसात नवं व्हर्जन सुखरूप चालू आहे. बटणं गोल झाली. नकाशा अजूनही नाल्याकडेच नेतो. साहेब आता पुढच्या व्हर्जनबद्दल बोलतात आणि पक्ष पुन्हा पडायला लागले आहेत. मुकादम मला विचारतो, ताई, आपण कोणत्या पक्षात? मी म्हणते, मला नका विचारू.

यादीतून 'आई' काढायला पाहिजे होतं. काढलं नाही. दुपारी कामातून मान वर केली की मी तळापर्यंत सरकत जाते. चार्जिंग भरलेलं असतं. ते बघून पूर्वी बरं वाटायचं. आता एवढंच कळतं की टॅबचं चार्जिंग भरलेलं आहे.

ड्रॉवरमध्ये मी आता फक्त बिस्किटं ठेवते. मोबाइल टेबलावर, उताणा. मध्यंतरी एक छोटं अपडेट होतं, ऑफिसचा फोन नुसता कोकलत होता, साहेब माझ्या डोक्यावर उभे होते, आणि टेबलावर मोबाइल थरथरला. आई. मी साहेबांना हाताने थांबवलं आणि फोन उचलला.

"काय गं आई? काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाली. "उचलतेस का ते बघत होते."